मीडियम फॉरमॅटची रॉ फाइल: स्लायडरला हात लावण्याआधी आणि नंतर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: फुल फ्रेमवरून (३६ × २४ मिमी सेन्सर) त्याहून मोठ्या सेन्सरच्या, १०० मेगापिक्सेलच्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर आल्यापासून संगणक रेंगाळतो, एकाच फोटोचे रंग दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे दिसतात, सावल्या उजळल्या की आडव्या रेषा उमटतात आणि १०० टक्के झूम केल्यावर फोटो अपेक्षेइतका शार्प वाटत नाही. तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि कामाचा क्रम कसा ठेवावा?

सॉफ्टवेअरचा मुद्दा मुद्दाम थोडा मागे ठेवतो. या फाइलींचं बरंवाईट बहुतेक वेळा स्लायडरला हात लागण्याआधीच ठरलेलं असतं. एक्स्पोजर, कॅमेऱ्यातलं रॉचं (म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या फाइलचं) सेटिंग, त्या माहितीला रंग देणारं बेस प्रोफाइल आणि गरज असेल तिथे लेन्सची छटा काढण्यासाठी वेगळी काढलेली कॅलिब्रेशन फ्रेम, या चार गोष्टी जागेवर असल्या की पुढचं एडिटिंग थोडं आणि हलक्या हाताचं लागतं. त्या चुकल्या तर कोणतंही सॉफ्टवेअर फार मदत करत नाही, आणि फाइल मोठी असल्यामुळे चूकही मोठी दिसते.

आधी अपेक्षा नीट लावून घेऊ. आजच्या डिजिटल मीडियम फॉरमॅटमध्ये मुख्यतः दोन मापं आहेत. फुजीफिल्म जीएफएक्स, हॅसलब्लॅडची एक्स मालिका आणि पेंटॅक्स ६४५झेड यांचा सेन्सर साधारण ४४ × ३३ मिमी, तर फेज वन आयक्यू४ १५० चा ५३.४ × ४० मिमी. पहिल्याचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या सुमारे १.६७ पट, दुसऱ्याचं जवळजवळ अडीच पट. पण १०० मेगापिक्सेलच्या जीएफएक्सचा आणि १५० मेगापिक्सेलच्या फेज वनचा एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे, आणि ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेलही तेवढाच असतो. म्हणजे १०० टक्के झूमवर मीडियम फॉरमॅटची आणि अशा फुल फ्रेमची फाइल शेजारी ठेवली तर नॉइज आणि तपशील जवळपास सारखेच दिसणार. फायदा मिळतो तो पूर्ण फ्रेम एकाच मापात छापल्यावर: साधारण पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त प्रकाश गोळा झालेला असतो आणि तपशील कमी ताणावा लागतो. जीएफएक्स १००एसची फाइल ११६४८ × ८७३६ पिक्सेलची आहे. ११० पीपीआयच्या (इंचाला ११० पिक्सेलच्या) मॉनिटरवर ती १०० टक्के बघणं म्हणजे २.७ मीटर रुंद प्रिंटला नाक लावून बघणं. '१०० टक्क्यांवर शार्प नाही' ही तक्रार करण्याआधी तो फोटो किती मोठा छापायचा आहे हे ठरवा आणि ५० टक्क्यांवर बघून मत बनवा.

आता कॅमेऱ्यातलं सेटिंग. फुजीच्या १०० मेगापिक्सेल मॉडेलांत रॉसाठी अनकम्प्रेस्ड, लॉसलेस कम्प्रेस्ड आणि कम्प्रेस्ड असे पर्याय असतात, शिवाय १४ की १६ बिट हेही निवडता येतं. लॉसलेस घ्या. त्यात काहीही हरवत नाही आणि जागा बरीच वाचते. १६ बिटची अनकम्प्रेस्ड फाइल २०० एमबीच्या वर जाते, लॉसलेसमध्ये ती किती उतरेल हे दृश्यातल्या तपशिलावर आणि नॉइजवर अवलंबून असतं. फेज वनमध्ये आयआयक्यू एल हा लॉसलेस आणि आयआयक्यू एस हा जास्त दाबलेला प्रकार. छपाईच्या किंवा संग्रहाच्या कामासाठी एल वापरा.

१६ बिटबद्दल गैरसमज फार आहेत. १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. कागदावर हा फरक चौपट आहे. पण ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल ढोबळमानाने ५० हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन साठवतो आणि त्याचा रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा नॉइज) तीनेक इलेक्ट्रॉनचा असतो. या दोहोंचं गुणोत्तर सुमारे १४ स्टॉप येतं. त्यापलीकडचे बिट मुख्यतः नॉइजच बारकाईने मोजतात. बेस आयएसओवर (सेन्सरच्या मूळ, सर्वांत कमी आयएसओवर) काढलेली फ्रेम चार-पाच स्टॉप उजळली तर सावलीच्या अगदी तळाशी किंचित फरक शोधून सापडतो, एरवी नाही. उलट १६ बिटमध्ये सेन्सर वाचायला जास्त वेळ लागतो, इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये हलत्या वस्तू जास्त वाकतात, आणि बर्स्टमध्ये (सलग वेगाने फोटो काढताना) तो पर्याय मिळतही नाही. ट्रायपॉडवरचं स्थिर काम असेल तर १६ बिट ठेवा, माणसं आणि हालचाल असेल तर १४ बिट निर्धास्तपणे वापरा.

जीएफएक्स वापरणाऱ्यांनी डायनॅमिक रेंजचं सेटिंग डीआर१०० वर ठेवावं. डीआर४०० मध्ये कॅमेरा रॉला प्रत्यक्षात दोन स्टॉप कमी एक्स्पोजर देतो आणि जेपेग बनवताना मधले टोन वर उचलतो. म्हणूनच या सेटिंगला किमान आयएसओ बेसच्या चौपट लागतो. लाइटरूम (अ‍ॅडोबीचं रॉ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) फाइलमधली ती नोंद वाचून आपोआप उजळवतं, ती नोंद न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल काळवंडलेली उघडते. 'एका सॉफ्टवेअरमध्ये फोटो अंधारलेला का?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. त्याचप्रमाणे बेसच्या खालचा विस्तारित आयएसओ, म्हणजे बेस १०० असताना ५०, हा खरा आयएसओ नव्हे. तिथे हायलाइट एक स्टॉप आधी जळतात.

एक्स्पोजरचा नियम साधा आहे: महत्त्वाचे हायलाइट न जाळता जितका प्रकाश घेता येईल तितका घ्या. अडचण अशी की कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) रॉचा नसून जेपेगचा असतो. फिल्म सिम्युलेशन (फुजीची तयार रंग-टोनची शैली) कॉन्ट्रास्टचं असेल तर रॉमध्ये जागा शिल्लक असतानाही हायलाइट जळाल्याचा इशारा चमकू लागतो. त्यावर उपाय म्हणजे सिम्युलेशन मऊ ठेवणं, उदाहरणार्थ इटर्ना किंवा प्रो नेग स्टँडर्ड, आणि हायलाइट व शॅडो टोन दोन्ही वजा २ वर नेणं. रॉवर याचा परिणाम शून्य, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ येतो. नक्की किती जागा आहे हे एकदाच मोजून ठेवा. एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या कागदाचे एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी फोटो काढा, कॅमेऱ्यात इशारा कुठल्या फ्रेमला सुरू झाला ते टिपा, आणि मग रॉडिगर किंवा फास्टरॉव्ह्यूअर या रॉ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवा चॅनल प्रत्यक्षात कुठल्या फ्रेमला भरला ते बघा. या दोन फ्रेममधलं अंतर हीच तुमच्या कॅमेऱ्याची शिल्लक. ती एका विशिष्ट व्हाइट बॅलन्सपुरती असते. टंगस्टनसारख्या पिवळ्या उजेडात लाल चॅनल लवकर भरतो, तिथे हात आखडता घ्या.

यावरूनच आडव्या रेषांचा मुद्दा येतो. १०० मेगापिक्सेलच्या जीएफएक्समध्ये फेज डिटेक्शनचे ऑटोफोकस पिक्सेल सेन्सरवर ठरावीक ओळींमध्ये बसवलेले आहेत. त्या पिक्सेलना शेजाऱ्यांपेक्षा कमी प्रकाश मिळतो आणि त्यांची किंमत गणिताने भरून काढावी लागते. नेहमीच्या टोनमध्ये हे दिसत नाही. खोल सावली चार-पाच स्टॉप उचलली की त्या ओळी बारीक, समान अंतराच्या, अगदी सरळ आडव्या रेषा म्हणून वर येतात. दुसऱ्या प्रसंगी, थेट लेन्समध्ये येणारा सूर्य किंवा दिवा असेल तर त्या ओळींवरून प्रकाश परावर्तित होऊन फ्लेअरच्या पट्ट्यातही रेषा दिसतात.

निदान आधी नीट करा, कारण एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोतही आडवे पट्टे येतात. दिव्यांचे पट्टे रुंद, कडा विरघळलेल्या असतात आणि उजळ भागातही दिसतात. ऑटोफोकसच्या रेषा केसासारख्या बारीक आणि फक्त सावलीत किंवा फ्लेअरमध्ये असतात. पहिल्याला उपाय मेकॅनिकल शटर. दुसऱ्याला सर्वांत चांगला उपाय म्हणजे जास्त एक्स्पोजर, किंवा दृश्याचा आवाका मोठा असेल तर दोन-तीन स्टॉपच्या अंतराने दोन फ्रेम. आधीच काढलेली फाइल वाचवायची असेल तर रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रॉ टॅबवर लाइन नॉइजचा आणि पीडीएएफ (फेज डिटेक्शन ऑटोफोकस) रेषांचा फिल्टर आहे. तुमचं मॉडेल त्यात धरलेलं असेल तर तो या रेषा चांगल्या पुसतो. लाइटरूम किंवा कॅप्चर वन या दुसऱ्या रॉ सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर त्या भागापुरता मास्क करून उजळवणं एक स्टॉपने कमी करा आणि वर बारीक ग्रेन घाला. नियमित रेषा डोळ्याला चटकन टिपता येते, ग्रेनमध्ये ती मोडते.

रंगांकडे येऊ. रॉ फाइलला स्वतःचा रंग नसतो, म्हणजे तिच्यातल्या आकड्यांना रंग कसा द्यायचा हे प्रोफाइल ठरवतं, आणि प्रत्येक कंपनीचं प्रोफाइल निराळं. लाइटरूममध्ये फोटो आधी छान दिसतो आणि दोन सेकंदांनी फिका पडतो, त्याचं कारण हेच: आधी दिसतं ते कॅमेऱ्याने फाइलमध्ये ठेवलेलं जेपेग, नंतर येतो लाइटरूमचा स्वतःचा अर्थ. जीएफएक्स असेल तर प्रोफाइल ब्राउझरमधल्या कॅमेरा मॅचिंग गटातून प्रोव्हिया, क्लासिक क्रोम वगैरे निवडलं की बरंच जुळतं. कॅप्चर वनमध्ये बेस कॅरेक्टरिस्टिक्समधल्या कर्व्हच्या यादीत तीच नावं मिळतात. कॅमेऱ्यातल्या जेपेगशी तंतोतंत तोच रंग हवा असेल तर फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ वापरा. ते यूएसबीने जोडलेल्या कॅमेऱ्याच्याच प्रोसेसरकडून रूपांतर करून घेतं.

हॅसलब्लॅडचा कॅमेरा थ्रीएफआर फाइल लिहितो. कंपनीच्या स्वतःच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आयात केली की एफएफएफ बनते आणि तुमचे बदल त्याच फाइलमध्ये साठवले जातात. ज्या रंगांसाठी लोक हॅसलब्लॅड घेतात ते रंग या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या जेपेगमध्येच पूर्णपणे मिळतात. अ‍ॅडोबी दोन्ही प्रकारच्या फाइली उघडतं, पण स्वतःच्या प्रोफाइलने, आणि हॅसलब्लॅडच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल त्याला कळत नाहीत. मूळ थ्रीएफआर कधीही पुसू नका. कॅप्चर वन वर्षानुवर्षं हॅसलब्लॅडच्या फाइली उघडत नव्हतं, त्यामुळे त्यात काम करायचा बेत असेल तर पैसे भरण्याआधी आपल्या आवृत्तीच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते बघा. फेज वनसाठी मात्र कॅप्चर वनला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे. लेन्सची माहिती, कॅलिब्रेशन फ्रेम आणि प्रोफाइल यांची सांगड तिथे जशी बसते तशी इतरत्र बसत नाही. जीएफएक्सवाल्यांनी ज्यात हात बसला आहे तेच चालू ठेवावं. लाइटरूम आणि कॅप्चर वनमधला फरक प्रोफाइल आणि शार्पनिंग नीट लावल्यावर फार उरत नाही.

कापड, चित्रं, कातडी वस्तू असं काटेकोर रंगाचं काम असेल तर तयार प्रोफाइलवर न थांबता कलरचेकरवरून (ठरलेल्या रंगांच्या चौकोनांची पट्टी) स्वतःचं बनवा. लाइटरूमसाठी पट्टीचा रॉ फोटो डीएनजी (अ‍ॅडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) करून द्यायचा असतो. कॅप्चर वनसाठी आधी आयसीसी प्रोफाइलमध्ये 'नो कलर करेक्शन' निवडा, कर्व्ह लिनियर ठेवा, करड्या चौकोनावर व्हाइट बॅलन्स घ्या आणि कॅमेरा प्रोफाइल एम्बेड करून १६ बिट टिफ काढा. त्यावरून आयसीसी प्रोफाइल तयार होतं. पट्टीवर उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे. एका कोपऱ्यात पाव स्टॉपचाही फरक असला तर प्रोफाइल तो फरक रंगाचा समजून शिकतं. आणि हे प्रोफाइल त्या प्रकाशापुरतंच असतं: स्टुडिओ फ्लॅशचं वेगळं, दिवसाच्या उजेडाचं वेगळं.

कॅलिब्रेशन फ्रेमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण टेक्निकल कॅमेरा, शिफ्ट (लेन्स सेन्सरला समांतर बाजूला सरकवणं) किंवा जुन्या वाइड लेन्स वापरणाऱ्यांचं अर्धं रडगाणं याने मिटतं. वाइड लेन्समधून कडेला येणारे किरण सेन्सरवर तिरके पडतात. परिणामी एका बाजूला हिरवट, दुसऱ्या बाजूला मजेंटा छटा येते आणि कडा काळवंडतात. शिफ्ट केल्यावर हे असमान होतं, म्हणून साधं व्हिनेट करेक्शन पुरत नाही. जुन्या सीसीडी बॅकवर आणि ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हा त्रास जास्त. ३.७६ मायक्रॉनचे १०० आणि १५० मेगापिक्सेलचे सेन्सर बॅकसाइड इल्युमिनेटेड (प्रकाश मागच्या बाजूने घेणारे) असल्यामुळे त्यांच्यात बराच कमी आहे, पण शिफ्ट १०-१५ मिमीच्या पुढे गेली की तिथेही दिसतो.

पद्धत अशी. दुधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची साधारण ३ मिमी जाडीची एकसारखी पट्टी घ्या. मूळ फोटो झाला की कॅमेरा न हलवता, तेच अ‍ॅपर्चर, तोच फोकस आणि तीच शिफ्ट ठेवून पट्टी लेन्सच्या तोंडाशी सपाट धरा आणि फक्त शटरचा वेळ वाढवून एक फ्रेम घ्या. हिस्टोग्राम मध्याच्या किंचित उजवीकडे हवा, कुठलाही चॅनल भरलेला नको, आणि कडेचा सर्वांत काळा भागही तळाला टेकलेला नको. पट्टीवर बोटाची सावली किंवा थेट सूर्याचा डाग पडू देऊ नका, ती सावली पुढे प्रत्येक फोटोत उलटी छापली जाईल. कॅप्चर वनमध्ये ही फ्रेम निवडून एलसीसी (लेन्स कास्ट कॅलिब्रेशन) टूलमधून 'क्रिएट एलसीसी' करा. धुळीची माहिती सोबत घेण्याचा पर्याय चालू ठेवा, शिफ्ट असेल तर टेक्निकल वाइड अँगलचाही. मग ते एलसीसी कॉपी करून त्या मांडणीतल्या सगळ्या फोटोंना लावा. छटा दुरुस्त होते, सेन्सरवरचे धुळीचे डाग जातात, आणि कडांचा उजेड किती सारखा करायचा हे वेगळ्या स्लायडरवर राहतं. तो १०० वर नेलाच पाहिजे असं नाही. कडेचा थोडा अंधार बऱ्याच फोटोंना शोभतो आणि नॉइजही कमी वर येतो. लाइटरूम क्लासिकमध्ये हेच काम लायब्ररी मेनूतल्या फ्लॅट-फील्ड करेक्शनने होतं. तिथे कॅलिब्रेशन फ्रेम मूळ फोटोच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर असली पाहिजे आणि निकाल नवीन डीएनजी म्हणून मिळतो.

याची मर्यादाही माहीत असू द्या. एलसीसी छटा काढतं, पण तिरक्या किरणांमुळे शेजारच्या पिक्सेलमध्ये गळलेला रंग परत आणत नाही. टोकाच्या शिफ्टमध्ये निळं आकाश एका बाजूला विटकं राहत असेल तर ते एलसीसीचं अपयश नव्हे. तिथे शिफ्ट कमी करणं हाच उपाय.

मुआरे हा यातला दुसरा नेहमीचा त्रास. या सेन्सरवर लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील किंचित मऊ करणारा थर) नसतो, त्यामुळे बारीक विणीचं कापड, जाळी, दूरच्या इमारतींच्या खिडक्या यांवर इंद्रधनुषी लाटा येतात. जीएफएक्स ५० मालिकेत हा त्रास १०० पेक्षा जास्त आहे, कारण तिथे पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा आणि त्यावरच्या सूक्ष्म भिंगांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली. रंगीत मुआरे सॉफ्टवेअरमध्ये जातं. लाइटरूममध्ये मास्क करून त्यातला मुआरे स्लायडर वाढवा. कॅप्चर वनमध्ये लेअरवर मुआरे टूलचा अमाउंट ठेवून पॅटर्न हळूहळू वाढवा. पूर्ण फ्रेमवर लावलं तर ओठांचा आणि बारीक नक्षीचा खरा रंगही धुवून निघतो, म्हणून कापडापुरतंच. उजेड-अंधाराच्या लाटा मात्र कोणत्याच स्लायडरने नीट जात नाहीत. शूटच्या वेळी १०० टक्क्यांवर कापड तपासा, आणि लाट दिसली तर कॅमेरा एखादा फूट पुढे-मागे घ्या किंवा कोन थोडा बदला. तेही शक्य नसेल तर एफ/१६ ला एक जादा फ्रेम काढून ठेवा. डिफ्रॅक्शनमुळे (लहान अ‍ॅपर्चरमधून प्रकाश पसरल्यामुळे) ती किंचित मऊ होते, लाट मोडते, आणि फोटोशॉपमध्ये तेवढंच कापड त्या फ्रेममधून घेता येतं.

डिफ्रॅक्शनचं नाव निघालंच आहे, तर 'शार्प नाही' याकडे वळू. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ ला एका बिंदूचं वर्तुळ सुमारे १०.७ मायक्रॉनचं होतं, एफ/११ ला १४.८ आणि एफ/१६ ला २१.५. पिक्सेल ३.७६ चा असताना एफ/१६ ला बिंदू जवळजवळ सहा पिक्सेलभर पसरतो. एफ/५.६ ते एफ/८ ही या सेन्सरची खरी जागा. खोली हवी असेल तर एफ/१६ पेक्षा एफ/८ ला फोकस ब्रॅकेटिंग करून (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम काढून) त्या एकत्र करणं श्रेयस्कर.

स्लायडर हलवण्याआधी मऊपणाचा प्रकार ओळखा. बारीक चमकते ठिपके एकाच दिशेने ओढलेले दिसले तर कॅमेरा हलला आहे. विषय मऊ पण त्याच्या पुढची किंवा मागची पातळी कडक असेल तर फोकस चुकला आहे. सगळीकडे सारखाच मऊपणा आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ असेल तर डिफ्रॅक्शन. शार्पनिंगने यातलं फक्त तिसरं चांगलं सुधारतं. कॅप्चर वनमध्ये लेन्स टूलमध्ये डिफ्रॅक्शन करेक्शनची खूण आहे, ती जरा वेळ खाते पण उपयोगी आहे. लाइटरूममध्ये शार्पनिंगचा डिटेल स्लायडर वर नेला की तो डीकॉन्व्होल्यूशनकडे (पसरलेला बिंदू गणिताने आवळण्याकडे) झुकतो.

लाइटरूमची मूळ मूल्यं अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५ अशी असतात. १०० मेगापिक्सेलच्या चांगल्या लेन्सच्या फाइलला रेडियस १.० जास्त होतो, कडांना पांढरी रेघ येते. बेस आयएसओवर रेडियस ०.५ ते ०.७, डिटेल ४० ते ६०, अमाउंट ४० ते ५० इथून सुरुवात करा. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट किंवा ऑप्शन दाबून ओढा आणि आकाश, त्वचा पूर्ण काळी होईपर्यंत न्या. डिटेल ७० च्या पुढे गेल्यावर गवत आणि केसांत भूलभुलैयासारखी खोटी नक्षी उमटायला लागते, तिथे थांबा. बेस आयएसओवर ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन शून्य ठेवा. छपाईसाठीचं शार्पनिंग वेगळं, ते एक्स्पोर्टच्या वेळी, अंतिम मापावर.

कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी, टेक्स्चर यांत संयम ठेवा. या फाइलीत टोन एकातून दुसऱ्यात हळुवार सरकतात आणि मीडियम फॉरमॅटचा जो डौल लोकांना आवडतो तो बराचसा तिथून येतो. क्लॅरिटी ३० वर नेली की तो डौल गेला, मग फाइल कोणत्याही कॅमेऱ्याची दिसते. आधी लिनियर किंवा मऊ कर्व्हपासून सुरुवात करून स्वतःचा कर्व्ह देणं हे मला नेहमी श्रेयस्कर वाटतं. एक्स्पोजर नीट असेल तर त्यात दोन-तीन बिंदू पुरतात.

संगणकाबद्दल. रॅम ३२ जीबी ही किमान गरज, लेअर करून काम असेल तर ६४. कॅटलॉग, कॅश आणि चालू काम तिन्ही एसएसडीवर हवं. जुन्या कामाचे मूळ रॉ संथ डिस्कवर असलेले चालतात, कॅश नाही. लाइटरूममधली कॅमेरा रॉ कॅश ५० जीबी किंवा त्याहून जास्त करा. निवड करताना १:१ प्रिव्ह्यू सगळ्यांचे बनवू नका, स्टँडर्ड प्रिव्ह्यू मॉनिटरच्या रुंदीएवढे ठेवा आणि निवडलेल्यांचेच १:१ करा. स्मार्ट प्रिव्ह्यूची (लाइटरूमने बनवलेल्या लहान एडिटिंग-प्रतीची) लांब बाजू २५६० पिक्सेलची असते, त्यावर रंग आणि टोनचं काम झकास होतं, पण शार्पनिंग आणि नॉइजचा निर्णय त्यावर घेऊ नका. कॅप्चर वनमध्ये प्रेफरन्सेसमधला प्रिव्ह्यूचा आकार मॉनिटरशी जुळवा. बदलल्यावर जुन्या फोटोंचे प्रिव्ह्यू नव्याने बनवावे लागतात. एकेका कामासाठी कॅटलॉगपेक्षा सेशन (एका कामाचं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवणारी पद्धत) सोयीचं, पूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतं. एआय डिनॉइज बेस आयएसओवर लागतच नाही, आणि कमकुवत ग्राफिक्स कार्डवर एका फाइलला काही मिनिटं घेतं. उच्च आयएसओच्या निवडक फ्रेमपुरतं ठेवा.

टेदरिंगमध्ये (कॅमेरा केबलने संगणकाला जोडून शूट करताना) अडखळणारी कडी बहुधा केबल असते. साधी यूएसबी ३ केबल ३ मीटरपर्यंत ठीक चालते, त्यापुढे अ‍ॅक्टिव्ह केबल घ्या. मधूनच कनेक्शन तुटत असेल तर आधी हब काढून कॅमेरा थेट पोर्टला जोडून बघा, मग केबल बदला, आणि सॉफ्टवेअरला दोष सर्वांत शेवटी द्या.

फोटोशॉपमध्ये नेताना गणित लक्षात ठेवा. १०२ मेगापिक्सेल, तीन चॅनल, प्रत्येकी १६ बिट: एका सपाट लेअरचे सुमारे ६१० एमबी. १५० मेगापिक्सेलला ९०८ एमबी. पीएसडीची मर्यादा २ जीबी, टिफची ४ जीबी. रिटचिंगचे दोन लेअर आणि काही मास्क झाले की पीएसडी सेव्ह होत नाही, आणि हे कळतं ते तासाभराच्या कामानंतर. पहिलाच सेव्ह पीएसबीमध्ये (फोटोशॉपचा मोठ्या फाइलींचा प्रकार) करा. मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी चालू ठेवलं तर लाइटरूम क्लासिकच्या नव्या आवृत्त्या ते वाचतात. मोठी फाइल टाळायची तर टोन आणि रंगाचं सगळं काम रॉमध्येच संपवा, फोटोशॉपमध्ये फक्त जोडणं, पुसणं आणि रिटचिंग न्या. स्क्रॅच डिस्कवर (फोटोशॉपच्या तात्पुरत्या फाइलींच्या डिस्कवर) २०० जीबी मोकळी असू द्या. रंगाची जागा प्रोफोटो आरजीबी आणि १६ बिट. छापखान्याला किंवा वेबला देताना त्यांच्या प्रोफाइलमध्ये वेगळी प्रत काढा.

सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडतच नसेल तर आधी ते अद्ययावत करा. जुनी आवृत्तीच वापरायची असेल तर अ‍ॅडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर मध्ये घाला. पण सगळा संग्रह डीएनजीमध्ये बदलून मूळ फाइली टाकून देऊ नका. कॅप्चर वनमध्ये अशा डीएनजीवर फुजीच्या फिल्म सिम्युलेशनचे कर्व्ह आणि निर्मात्याचं लेन्स प्रोफाइल मिळेलच असं नाही, आणि कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर मूळ फाइलच मागतं. लॉसी डीएनजीचा पर्याय तर मूळ प्रतीसाठी वापरूच नये.

पिक्सेल शिफ्ट (सेन्सर किंचित सरकवत अनेक फ्रेम काढणं) वापरत असाल तर जीएफएक्सच्या १६ फ्रेम एकत्र करून फुजीचं कम्बायनर सुमारे ४०० मेगापिक्सेलची डीएनजी देतं. त्यात झाडाचं पान हललं तरी जाळी उमटते. चित्रं, हस्तलिखितं, वस्तू अशा पूर्ण स्थिर गोष्टींसाठीच ते ठेवा, आणि सोळाही मूळ फ्रेम जपून ठेवा, पुढे जोडणी नव्याने करता येते.

साठवणुकीत एक हजार फ्रेम म्हणजे २०० जीबीपर्यंत जागा धरा. कार्डवरून कॉपी करताना चेकसम (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे सांगणारा आकडा) पडताळणारं साधन वापरा, नुसतं ओढून टाकणं नको. कॉपी झाल्यावर फाइली आकारानुसार लावा. अनकम्प्रेस्डमध्ये सगळ्या जवळपास सारख्या असतात, एखादी लक्षणीय लहान दिसली तर ती अर्धवट उतरली आहे. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या, त्यातली एक दुसऱ्या जागी गेली आणि दोन्हींतून एकेक फाइल उघडून बघितली, की मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. रॉसोबत कॅलिब्रेशन फ्रेम, कलरचेकरचा फोटो आणि एक्सएमपी (एडिटिंगच्या बदलांची नोंद ठेवणारी फाइल) किंवा कॅप्चर वन नावाचं उपफोल्डर त्याच जागी ठेवा. फेज वनच्या फाइली असतील तर ईआयपीमध्ये बांधून द्या, त्यात रॉ, सेटिंग, एलसीसी आणि प्रोफाइल एकत्र राहतात.